मोजक्या गिऱ्हाइकांचा माल : जपानी व्हिडिओ खेळ परदेशी न्यावेत काय?

व्हिडिओ गेम हा काही वार्षिकांकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे आमच्या प्राध्यापकांपैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की हा लेख खेळाविषयी कमी आणि मालाविषयी अधिक आहे. कॉस्टिंगच्या तासाला आपण साबण, सिमेंट आणि कापडाची उदाहरणे सोडवतो. परंतु ज्या मालाचा पहिला नग तयार करायला अफाट पैसा लागतो आणि पुढचा प्रत्येक नग जवळजवळ फुकट पडतो, अशा मालाचे गणित आपल्या वाट्याला क्वचितच येते. व्हिडिओ गेम हा असा माल आहे. त्यातही जो खेळ एका देशातल्या मोजक्या लोकांसाठी, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच चालीरीती गृहीत धरून बनवला आहे, तो साता समुद्रांपलीकडे विकायला न्यावा की नाही, हा प्रश्न जपानी कंपन्यांपुढे गेली चाळीस वर्षे उभा आहे. उत्तर 'न्यावा' असे आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मात्र कसा न्यावा यावरच सगळे अवलंबून आहे, आणि तिथेच भल्याभल्यांचे हिशेब चुकले आहेत.

क्योटो शहरात १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघालेल्या निन्टेंडो कंपनीचा मारिओ आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. तो धावतो, उडी मारतो, कासवावर पडतो. त्याला भाषा लागत नाही, म्हणून त्याला सीमाही नाही. आपण बोलतो आहोत ते खेळ निराळे. त्यांत माणसे तासन्‌तास बोलतात, एकमेकांची चेष्टा करतात, जेवायला बसतात, आणि हे सारे वाचल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही.

एक नमुना देतो. 'बोकु नो नात्सुयासुमी' म्हणजे 'माझी उन्हाळी सुट्टी' हा खेळ सन २००० मध्ये जपानमध्ये निघाला. काळ १९७५चा ऑगस्ट महिना. शहरातला एक लहान मुलगा खेड्यात नातेवाइकांच्या घरी सुट्टीला येतो. एकतीस दिवस. शत्रू नाही, युद्ध नाही, जिंकणे-हरणे असे फारसे काही नाही. किडे पकडायचे, दोन भुंग्यांची झुंज लावायची, ओढ्यावर जायचे, रात्री घरच्यांबरोबर जेवायचे आणि झोपण्यापूर्वी रोजनिशीत दिवसाचे चित्र. बस्स. हा खेळ इंग्रजीत अधिकृतपणे कधीच आला नाही. परदेशी गिऱ्हाइकाला यातले काय कळणार, असा विचार असावा. पण ज्याने मे महिना आजोळी काढला आहे, अशा बेळगाव किंवा खानापूरकडच्या कोणत्याही मुलाच्या हाती हा खेळ द्या. दोन मिनिटांत तो ओढ्याच्या वाटेला लागेल. 'अति जपानी' हे विशेषण लावणाऱ्यांनी ते बहुधा अमेरिकेकडे तोंड करूनच लावलेले असते. बाकीचे जगही परदेशच आहे, याचा त्यांना विसर पडतो.

या मालिकेचा दुसरा भाग २००२चा. त्याचे इंग्रजी भाषांतर चाहत्यांनी पदरमोड करून २०२३ मध्ये पुरे केले, म्हणजे एकवीस वर्षांनी. दरम्यान मूळ निर्माते काझ आयाबे यांनी २०२१ मध्ये तशीच सुट्टी पुन्हा रचली, पण या वेळी नायक होता शिनचॅन. तोच, जो आपल्याकडच्या मुलांना हिंदीतून दंगा करताना दिसतो. तो खेळ मात्र पुढच्याच वर्षी परदेशी पोचला. माल तोच, पण ओळखीचा चेहरा दारात उभा राहिला आणि दार उघडले. व्यापारी भाषेत याला वानगी म्हणावे. 'फायर एम्ब्लेम' ही डावपेचांच्या खेळांची मालिका १९९० पासून जपानमध्ये चालू होती. परदेशी तिचा पत्ता नव्हता. २००१ साली निन्टेंडोच्या एका मारामारीच्या खेळात तिच्यातले मार्थ आणि रॉय हे दोघे घुसले. लोक विचारू लागले, की हे कोण बुवा? २००३ मध्ये मालिका पहिल्यांदा जपानबाहेर गेली. पुढे तिचा खप इतका घसरला, की नव्या भागाच्या अडीच लाख प्रती खपल्या नाहीत तर दुकान बंद, असे वरून निर्मात्यांना बजावण्यात आले. २०१२ साली निघालेला तो भाग जगभर मिळून त्याच्या कितीतरी पट खपला आणि मालिका वाचली. यात परदेशी गिऱ्हाइकाचा वाटा मोठा होता.

आता जुन्या काळाची अडचण समजून घेतली पाहिजे. १९८० च्या दशकात निन्टेंडोच्या यंत्रासाठी खेळ काढायचा तर त्याची कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावी लागे, आणि अमेरिकेत एका प्रकाशकाला वर्षाकाठी पाचच खेळ काढण्याची मुभा असे. पाचच जागा असतील तर त्यातली एक लांबलचक संवादांच्या जपानी कथेला कोण देईल? याला संधी-खर्च म्हणतात. पैसा जात नाही, जागा जाते. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ १९८६ मध्ये निघाला तेव्हा जपानमध्ये त्याने वेड लावले. अमेरिकेत तो 'ड्रॅगन वॉरियर' या नावाने १९८९ साली गेला आणि पुढे निन्टेंडोने आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना तो चक्क फुकट वाटला. 'फायनल फँटसी'ची गोष्ट तर गमतीचीच आहे. तिचा दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग त्या वेळी अमेरिकेला पाठवलाच नाही. त्यामुळे तिथे चौथ्या भागाला 'दुसरा' आणि सहाव्याला 'तिसरा' असे नाव पडले. मग १९९७ मध्ये सातवा भाग आला तो 'सातवा' म्हणूनच, आणि मधले तीन गेले कुठे, असा प्रश्न गिऱ्हाइकाला पडला. तो सातवा भाग सोनी कंपनीने प्रचंड जाहिरात करून विकला, आणि संवादांचे जपानी खेळ परदेशी खपत नाहीत ही समजूत कायमची ढिली झाली.

पण जाहिरात हे औषध प्रत्येक रोगाला लागू पडत नाही. 'मदर २' हा खेळ १९९४ चा. त्याचे लेखक शिगेसातो इतोई हे जपानमधले नामांकित जाहिरात-लेखक. गोष्ट एका मुलाची आहे. हातात बेसबॉलची बॅट, वडील कायम फोनवर. ते दिसत नाहीत, पण बँकेत पैसे भरतात, आणि खेळ जतन करायचा तर वडिलांना फोन लावावा लागतो. सारा देखावा अमेरिकेचा, जपानच्या खिडकीतून पाहिलेला. हळवा, विक्षिप्त आणि विनोदी असा हा खेळ १९९५ मध्ये 'अर्थबाउंड' नावाने अमेरिकेत गेला. कंपनीने त्याच्यावर सुमारे २० लाख डॉलर जाहिरातीला खर्च केले. मार्गदर्शक पुस्तकासकट भला मोठा खोका, त्यामुळे किंमतही चढी. आणि जाहिरात कसली, तर 'या खेळाला घाण वास येतो' अशा थाटाची, सोबत घासून हुंगायची दुर्गंधी कार्डे! प्रती खपल्या अदमासे १ लाख ४० हजार. आपणच भागाकार करून पाहावा : एका प्रतीमागे जाहिरातीचाच खर्च सव्वाचौदा डॉलर. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला तो हाच.

यातून कंपनीने काय निष्कर्ष काढला? खेळ परदेशी चालत नाही. मला हा निष्कर्ष मान्य नाही. एक लाख चाळीस हजार हा मोजक्या गिऱ्हाइकांच्या मालासाठी उत्तम आकडा आहे. तो वाईट ठरला, कारण खर्च लाखो गिऱ्हाइकांच्या मालाचा केला होता. त्यातली काही गिऱ्हाइके तर इतकी निष्ठावान निघाली, की त्यांच्या मेळ्यातून पुढे टोबी फॉक्स नावाचा तरुण आला आणि त्याने २०१५ साली 'अंडरटेल' हा खेळ केला, ज्याची जगभर वाहवा झाली. हे श्रेय 'अर्थबाउंड'च्या ताळेबंदात कुठे जमा धरणार?

आता खर्चाकडे वळू, कारण 'भाषांतर म्हणजे काय, शब्दाला शब्द ठेवायचा' असे पुष्कळांना वाटते. कथाप्रधान खेळात मजकूर कादंबरीहून मोठा असतो. त्यासाठी भाषांतरकार लागतो, मग संपादक. मग प्रोग्रॅमर, कारण पडद्यावरची चौकट जपानी लिपीच्या मापाची असते. 'तलवार' हा शब्द जपानीत एका चित्राक्षरात बसतो. इंग्रजीत त्याला पाच अक्षरे लागतात आणि जुन्या खेळांत वस्तूच्या नावाला जागा मोजून असे. मग तपासनीस, ज्यांनी सारा खेळ पुन्हापुन्हा खेळून चुका शोधायच्या. वयोगटाचे प्रमाणपत्र अमेरिकेत एक आणि युरोपात दुसरे. आवाज द्यायचे तर नट आणि ध्वनिमुद्रण. हा सगळा स्थिर खर्च; एक प्रत खपो वा एक लाख, तो बदलत नाही.

दोन काळांतला फरक कळावा म्हणून मी एक हिशेब मांडला आहे. आकडे माझ्या मनाचे आहेत, पद्धत मात्र खरी. समजा, वरील सर्व कामाला १ लाख डॉलर लागले. जुन्या काळी दुकानदाराकडून प्रकाशकाला प्रतीमागे ३५ डॉलर मिळतात. कार्ट्रिज, परवाना आणि मूळ कंपनीचा वाटा मिळून २० डॉलर जातात. पण निदान २० हजार प्रती आधीच काढाव्या लागतात, म्हणजे ४ लाख डॉलर आगाऊ. एकूण गुंतवणूक ५ लाख. तिला ३५ ने भागा : ना नफा ना तोटा हा बिंदू सुमारे १४,२८६ प्रतींवर येतो. आता आजची रीत. खेळ इंटरनेटवरून विकायचा, किंमत २० डॉलर. आभासी दुकान शेकडा ३० कापून घेते, उरले १४. त्यातले निम्मे मूळ जपानी कंपनीला दिले, उरले ७. एक लाखाला सातने भागा. उत्तर पुन्हा १४,२८६!

म्हणजे फरक काहीच नाही? थांबा. समजा दोन्हीकडे पाचच हजार प्रती खपल्या. जुन्या रीतीत जमा १ लाख ७५ हजार, तोटा सव्वातीन लाख, वर गोदामात पंधरा हजार कार्ट्रिज धूळ खात. नव्या रीतीत जमा ३५ हजार, तोटा ६५ हजार. शिवाय दुकानातली फळी दोन महिन्यांनी दुसऱ्या मालाला द्यावी लागते, तर आभासी फळी कोणी मागत नाही. दिवाळीला, नाताळला, किंमत उतरवून तोच खेळ वर्षानुवर्षे विकता येतो. नफ्याचा बिंदू तसाच राहिला, पण बुडण्याची खोली पाचव्या हिश्श्यावर आली. (उलट बाजूही सांगितली पाहिजे. वीस हजार प्रती खपल्या, तर जुन्या रीतीत दोन लाख नफा आणि नव्या रीतीत चाळीसच हजार. जोखीम कमी, तशी मलईही कमी.) मोजक्या गिऱ्हाइकांच्या मालाचे भाग्य उजळले ते लोकांची अभिरुची बदलल्यामुळे कमी आणि या एका गोष्टीमुळे अधिक, असे माझे मत आहे.

याचा पुरावा म्हणून मला सर्वांत आवडणारे उदाहरण 'रेसेटिअर' या खेळाचे आहे, आणि ते वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आवडावे यात नवल नाही. बाप कर्ज करून परागंदा झालेला; लहानगी मुलगी आणि वसुलीला आलेली एक परी मिळून घरातच दुकान काढतात. स्वस्तात घ्यायचे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, कोण किती भाव देईल हे ओळखायचे, आणि दर आठवड्याला वाढत जाणारा हप्ता भरायचा : १० हजार, मग ३०, ८०, २ लाख, ५ लाख. एकूण ८ लाख २० हजार. म्हाताऱ्या बाईला अवाच्या सवा भाव सांगितला तर ती पुन्हा येत नाही. आमच्या मार्केटिंगच्या पुस्तकात 'ग्राहक-संबंध' या प्रकरणाला चाळीस पाने आहेत. या खेळात ते एका आठवड्यात कळते. हा खेळ २००७ साली जपानमध्ये हौशी मंडळींच्या एका छोट्या गटाने काढला. तो इंग्रजीत आणणारी 'कार्पे फुल्गुर' ही संस्था म्हणजे अमेरिकेतली मूळ दोन माणसे. त्यांना १० हजार प्रती खपाव्यात एवढीच अपेक्षा होती. सप्टेंबर २०१० मध्ये 'स्टीम' या आभासी दुकानात खेळ आला आणि पाचएक महिन्यांच्या आत लाखाहून अधिक प्रती गेल्या. छापील जाहिरात नाही, खोका नाही, गोदाम नाही.

कधीकधी तर खर्च आधीच झालेला असतो आणि तरीही कंपनी कचरते. 'डीमन्स सोल्स' हा फेब्रुवारी २००९ चा खेळ सोनीचाच. पावलोपावली मरण, दयामाया नाही. सोनीचे अधिकारी शुहेइ योशिदा यांनी कच्चा खेळ दोन तास खेळून तो अगदीच टाकाऊ आहे असे मत केले होते, आणि पुढे हे त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितले. हाँगकाँगकडे विकलेल्या आवृत्तीत इंग्रजी मजकूर होताच. हौशी अमेरिकन ती मागवून खेळतही होते. तरी सोनीने अमेरिकेसाठी तो घेतला नाही. 'ॲटलस' या लहान प्रकाशकाने तो उचलला, ऑक्टोबर २००९ मध्ये काढला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त विकला. त्याच कर्त्यांच्या 'एल्डन रिंग'च्या २०२२ पासून वर्षभरात दोन कोटींहून अधिक प्रती जगात खपल्या. पहिला दुवा कोणी उचललाच नसता तर? 'झेनोब्लेड' या खेळाचेही तसेच. जपानमध्ये २०१० साली आला, युरोपसाठी इंग्रजी करून २०११ साली तिथे विकला, पण निन्टेंडोची अमेरिकन शाखा गप्प. तेव्हा तिथल्या चाहत्यांनी 'ऑपरेशन रेनफॉल' नावाची मोहीम काढली, पत्रे पाठवली. एप्रिल २०१२ मध्ये खेळ आला, तोही निवडक दुकानांतच. मोहिमेतला दुसरा खेळ 'द लास्ट स्टोरी' हा 'एक्ससीड' या छोट्या कंपनीने काढला आणि तोवरचा आपला सर्वांत यशस्वी खेळ म्हणून जाहीर केला. भाषांतराचा खर्च एकदा होऊन गेला, की तो बुडीत खर्च. पुढच्या निर्णयात तो धरायचा नसतो. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मोठ्या कचेऱ्यांत बहुधा ते विसरले जाते.

आता भाषांतराच्या रीतीविषयी थोडे. हा भाग हिशेबाच्या वहीत बसत नाही, तरी पैसा त्याच्यावरच अवलंबून आहे. आमच्या घरात मराठी आणि रस्त्यावर कानडी. शेजारी भेटले की 'ऊटा आयता?' असे विचारतात, आपण 'जेवलात का?' म्हणतो, दोन्हींत कोणालाही जेवणाची चौकशी करायची नसते. मराठी-कानडीत हे सरळ उतरते, कारण जीवन एक आहे. इंग्रजीत शब्दशः नेले तर समोरच्याला वाटेल, की आता पान मांडणार! उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कानडी कादंबऱ्या मराठीत आणल्या तेव्हा अंतर एका खिडकीचे होते. जपानी आणि इंग्रजीत अंतर समुद्राचे आहे. दिवसाचे काम संपले की जपानी माणसे एकमेकांना 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. जवळजवळ आपले 'दमलात हो'. इंग्रजी भाषांतरकार इथे पेन खाली ठेवून विचार करतो.

एक वाट म्हणजे सारे बदलून टाकायचे. 'ग्याकुतेन साइबान' हा कोर्टकचेरीचा खेळ २००१ चा. २००५ साली तो 'एस अटर्नी' म्हणून अमेरिकेत गेला. वकील नारुहोदो झाला फिनिक्स राइट, गाव झाले लॉस एंजेलिस, आणि मायाच्या आवडत्या रामेन शेवयांच्या जागी बर्गर आला. विनोद चपखल बसले, खेळ चालला. पण मालिका पुढे गेली तशी देवळे, मांत्रिक घराणी, किमोनो येऊ लागले आणि 'हे कसले लॉस एंजेलिस?' असे खेळणाऱ्यांनाच हसू येऊ लागले. त्याच मालिकेतला मेइजी काळातला भाग २०१५ साली जपानमध्ये निघाला. तिथे जपान लपवण्याची सोयच नव्हती. तो इंग्रजीत यायला २०२१ उजाडले. पहिल्या दिवशी सोयीसाठी घेतलेला निर्णय कित्येक वर्षांनी असा आडवा येतो.

दुसरी वाट सेगा कंपनीच्या 'याकुझा' मालिकेने ठेचा खाऊन शोधली. पहिला भाग जपानमध्ये २००५ चा. टोकियोच्या काबुकिचो भागावरून बेतलेला मोहल्ला, गुंडांच्या टोळ्या, त्यांचा मानापमान. २००६ साली त्याला इंग्रजी नटांचे महागडे आवाज चढवले, खप बेताचाच. दुसऱ्या भागापासून आवाज जपानीच ठेवून खाली इंग्रजी मजकूर दिला. तिसऱ्या भागात, २०१० साली, पाश्चात्त्यांना कळणार नाही म्हणून माजाँग, शोगी वगैरे कापून टाकले. जे घेणार होते तेच नाराज झाले. हे लक्षात घ्या : जपानी गल्लीबोळ पाहण्यासाठीच जो माणूस पैसे मोजतो, त्याला गल्लीबोळ कापून देणे म्हणजे मिरचीवाचून ठेचा विकणे. पाचवा भाग तर २०१२ नंतर तीन वर्षांनी आणि केवळ इंटरनेटवरून आला. मग २०१७ साली 'याकुझा झिरो' काहीही न लपवता परदेशी गेला आणि चित्र पालटले. २०१४ चा केवळ जपानपुरता असलेला 'इशिन' २०२३ मध्ये जगासाठी नव्याने काढला. २०२४ चा भाग एकाच दिवशी सर्वत्र निघाला आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या दहा लाख प्रती गेल्या. २००८ चा 'केन्झान' मात्र आजवर जपानबाहेर पडलेला नाही.

मालिकेचा आणखी एक सापळा असतो. सलग कथेच्या दुसऱ्या भागाचे गिऱ्हाईक पहिल्या भागाच्या गिऱ्हाइकांतूनच येते, आणि सगळे येत नाहीत. म्हणजे मजकूर वाढतो, खर्च वाढतो, बाजार मात्र आटतो. जपानच्या फाल्कोम या छोट्या कंपनीचा 'ट्रेल्स इन द स्काय' २००४ चा, इंग्रजीत २०११ ला. पहिला भाग ऐन उत्कंठेच्या क्षणी संपतो; दुसरा जपानमध्ये २००६ लाच आलेला, पण इंग्रजीत यायला ऑक्टोबर २०१५ लागला. वाचकांनी साडेचार वर्षे श्वास रोखून धरला. एवढ्या अवाढव्य मजकुराशी झगडणाऱ्या त्या मूठभर भाषांतरकारांचे काय झाले असेल, ते परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी कल्पनेनेच जाणावे. 'वर्किंग डिझाइन्स' ही अशा खेळांची अमेरिकेतली पहिली लाडकी कंपनी, नक्षीदार खोके आणि लांबलेल्या तारखा यांसाठी प्रसिद्ध. ती २००५ च्या अखेरीस बंदच पडली. तेव्हा हा धंदा नुसत्या प्रेमावर चालत नाही. पण टिकून राहिले त्यांना फळही मिळाले : त्याच 'ट्रेल्स'च्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये जपानी आणि इंग्रजीत एकाच दिवशी निघाली. सात वर्षांचे अंतर शून्यावर आले.

मग काहीच नेऊ नये असे नाही काय? आहे. जपानच्या व्यावसायिक बेसबॉल संघांवरचे खेळ तिथेच शोभतात, कारण घेणाऱ्याला आपला संघ हवा असतो. 'पॉवाफुल प्रोयाक्यू' ही मालिका २००७ साली अमेरिकेत गेली ती अमेरिकन संघ घालूनच. घोड्यांच्या शर्यतींबद्दलही मी तेच लिहिणार होतो. पण खऱ्या जपानी घोड्यांना मुलींचे रूप देणारा 'उमा मुसुमे' हा २०२१ चा खेळ जून २०२५ मध्ये इंग्रजीत आला आणि त्याला गर्दी लोटली. हारु उरारा नावाची घोडी, ११३ शर्यती धावून एकही न जिंकलेली, तिचे नाव जपानबाहेर कोणाला माहीत असायचे कारण नव्हते. या खेळामुळे परदेशातली मुले तिच्यावर जीव टाकू लागली. तेव्हा 'हे बाहेर कळणार नाही' असे छातीठोक सांगण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

राहता राहिला तो 'अर्थबाउंड'चा पुढचा भाग. 'मदर ३' एप्रिल २००६ मध्ये जपानमध्ये निघाला. परदेशी आला नाही. व्यवसायाने भाषांतरकार असलेल्या क्लाइड मँडेलिन यांनी सोबत्यांसह तो इंग्रजीत केला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये लोकांना मोफत दिला. पहिल्या आठवड्यातच लाखाहून अधिक वेळा तो उतरवून घेतला गेला. फुकट घेणारे सगळेच विकत घेतील असे नाही, हे खरे. पण आमच्या वरच्या हिशेबातला बिंदू १४,२८६ चा होता. २०१३ साली तर मँडेलिन यांनी आपले सारे भाषांतर निन्टेंडोला विनामोबदला देऊ केले. कंपनीने ते घेतले नाही. तपासणी, हक्क आणि प्रमाणपत्रांचा खर्च तरीही उरतोच, आणि १९९५ ची ती दुर्गंधी कार्डेही कदाचित कोणाच्या आठवणीत असतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मदर ३' निन्टेंडोच्या नव्या यंत्रावर आला, तो केवळ जपानमधल्या वर्गणीदारांसाठी, आणि जपानीतच.